मफलरवाल्याची आई

तूर वाळली की वाजते. ज्यांनी तूर फक्त वरणात बघितली आहे त्यांना हे सांगून पटत नाही. मार्गशीर्ष संपत आला की आमच्या शेताच्या बांधावर उभं राहायचं आणि वारा यायची वाट बघायची. वारा आला की सगळं रान खुळखुळतं, वाळक्या शेंगांमधले दाणे आतून धडका देत असतात. खटकचिंचोळीच्या बाजारातून घरी येणारी वाट आमच्या तुरीच्या कडेनं जाते. लहानपणी तिथून एकटीनं यायला मला भीती वाटायची. माझा थोरला भाऊ, अण्णा, म्हणायचा, "भ्यायलीस कामून? तूर बोलायलीय."

यंदाही ती वाजते आहे. शनिवारची शाळा सुटली की मी बसवकल्याणहून बस धरते, गावी येते, बांधावर उभी राहून ऐकते. ऐकू येतं, एवढंच. पहाटेची हरभऱ्याच्या पाल्यावर आंब म्हणजे आंबट दव धरतं, तिला बोट लावून चाटायची माझी जुनी खोड आहे. यंदाही चाटली. आंबट असणार असं मनाशी म्हटलं, जिभेला मात्र काही कळलं नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे जे होईल त्याला नाव शोधायची वाईट सवय लागली आहे. या वर्षी मला जे झालंय त्याला दुःख म्हणता येत नाही. दुःखाला निदान चव असते. एका कुशीवर फार वेळ झोपल्यावर हात आपला नसल्यासारखा होतो, तसं झालं आहे. त्या हातानं मी खडू धरते, भाकरी मोडते, बसमधली दांडी धरते. कामं सगळी होतात. कुणी विचारलं तर बरी आहे म्हणते, आणि ते खोटंही नसतं.

तुरी वाजायला लागल्या की आमच्या घरात दोन गोष्टींची वाट बघायची रीत होती. एक येळवस आणि दुसरा मफलरवाला.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या भागाच्या बाहेर हा सण फारसा कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा आणि वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. शाळेला सुट्टी, बाजार बंद. बसही रिकामी धावते. दुसऱ्या दिवसापासून तुरीला विळा लागतो.

आणि मफलरवाला म्हणजे एका हेराचा सिनेमा. एक नाही, मोठी माळच आहे ती. पहिला भाग आला तेव्हा मी परकर नेसत होते, आता माझे केस पांढरे झालेत, आणि त्या हेराचे मात्र अजून काळेभोर आहेत. पडद्यावर त्याचं काहीतरी रुबाबदार नाव आहे, ते आमच्याकडं कुणाच्याच तोंडात बसलं नाही. पहिल्या भागात तो बर्फात मफलर गुंडाळून पळताना दिसला, तेव्हापासून तो मफलरवालाच. पुढच्या कुठल्याच भागात त्यानं मफलर घातला नाही. आमच्या गावानं तो काढू दिला नाही.

दर काही वर्षांनी नवा भाग यायचा तो ऐन थंडीत. अण्णा पहिल्या दिवशी जाणार म्हणजे जाणार. कधी बसवकल्याणला, कधी हुमनाबादला, कधी पार कलबुर्गीला. जिथं मिळेल तिथं, आणि ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत. एक भाग त्यानं हिंदीत बघितला, एक कन्नडमध्ये, एक औरादकडं पाहुण्यांच्या गावी गेला असताना तेलुगूत. कुठला कुठल्या भाषेत बघितला हे नंतर त्याला आठवायचं नाही. घरी येईपर्यंत सगळ्याचं मराठी झालेलं असायचं.

लहान असताना त्याच्याबरोबर दोन भाग मीही बघितले आहेत. खरं सांगायचं तर यथातथाच होते. गोळ्या, गाड्या, एक बाई समुद्रातून बाहेर येते, एक बाई समुद्रात पडते. पण सिनेमा हा अण्णाच्या दृष्टीनं नुसता कच्चा माल होता. खरा खेळ पुढं आमच्या रानात व्हायचा.

तुरी कापायला बायका ओळीनं लागत आणि अण्णा त्यांच्या पुढं, उलटा चालत, मफलरवाल्याची गोष्ट सांगत जाई. तो पाठीमागं सरकेल तसं ऐकायचं तर कापत पुढं यावं लागे. जी मागं पडेल तिला गोष्ट ऐकू येत नसे, म्हणून कुणी मागं पडत नसे. धिंगाण्याच्या जागी अण्णा मुद्दाम चार पावलं भरभर मागं सरकायचा आणि विळे सपासप चालायचे. आमची तूर आख्ख्या शिवारात आधी निघायची. शेजारचे म्हणायचे, ह्या घराला काय भूतबीत वश आहे की काय. या सगळ्यात म्होरकी गुंडम्मा. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्या तुरीला येते. मफलरवाल्याची सर्वात कडक परीक्षक तीच.

अण्णाच्या मफलरवाल्याला एक आई होती. निर्णा गावाच्या पलीकडं कुठंतरी तिचं घर होतं आणि मुलगा हेर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. दर भागाच्या शेवटी, देश वाचवून झाला, बॉम्ब विझवून झाला की मफलरवाला एसटीनं गावी यायचा. आई दार उघडायची. चुलीजवळ त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. कडक भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, कारळाची चटणी.

"कुठं गेल्तास रं?" आई विचारायची.

"कलबुर्गीला गेल्तो, आई."

"काय आनलंस?"

"काय न्हाई. भाव पडलाय."

इथं बायका इतक्या हसायच्या की विळे थांबायचे. मग आई ताटावरचं झाकण काढायची, मफलरवाला जेवायला बसायचा आणि गोष्ट संपायची. कुठलाही भाग असो, शेवट हाच. तो झाल्याशिवाय गुंडम्मा मुकाट्यानं घरी जात नसे.

ही आई अण्णानं कुठून आणली ते मला ठाऊक होतं. ती आमचीच. तरणा असताना अण्णा सिनेमाला पळायचा आणि परत आल्यावर आईला हेच सांगायचा, कलबुर्गीला तुरीचा भाव बघायला गेल्तो म्हणून. हुमनाबादला बघितलेला सिनेमा असला तरी कलबुर्गीच. आईला सगळं कळायचं. ती विचारायची, काय आणलंस? तो म्हणायचा, भाव पडलाय. ती ताट पुढं सरकवायची. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मफलरवाल्याच्या घरात चुलीजवळ एक बाई येऊन बसली.  

मागचा भाग संपला तो वाईट ठिकाणी. पूल कोसळतो, मफलरवाला नदीत पडतो, पडदा काळा होतो. अण्णानं बघून येऊन सगळं सांगितलं, पूलही पाडला, पण शेवट करेना. बायका म्हणाल्या, आन मग? अण्णा म्हणाला, आईनं ताट झाकून ठेवलंय. पुढचा भाग येऊ द्या. गुंडम्मा त्या दिवशी फार चिडली होती. त्यानंतर दर येळवशीला ती एकच विचारायची, आला का न्हाई त्यो अजून? करोना आला, गेला, गुंडम्माचा नवरा गेला, तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. मफलरवाला काही नदीतून वर आला नाही.

यंदा पेरणीच्या तोंडावर अण्णाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाय थोडा परत आला, चार टोकांची काठी घेऊन अंगणापर्यंत येतो. हात आला नाही. बोलण्यातला एक शब्द राहिला, "व्हय."

माणूस चार भाषांतून भांडणारा. बाजारात दख्खनीत घासाघीस करायचा, कचेरीत कन्नडमधून, पाहुण्यांत तेलुगूतून आणि घरात मराठीतून. आमच्या घरात कुठलीच गोष्ट त्याच्या हरकतीशिवाय झालेली नाही. माझं लग्न, माझी नोकरी, मोटारीचा पाइप कुठल्या बांधावरून न्यायचा, भाजीत गूळ घालावा की नाही, सगळ्याला आधी "न्हाई" म्हणायचं आणि मग पटवून घ्यायचं. तो माणूस आता सगळ्याला व्हय म्हणतो. चहा? व्हय. झोपायचं? व्हय. दुखतंय का? व्हय. दुखत नाही ना? व्हय.

कलबुर्गीच्या दवाखान्यात बोलण्याचा सराव करून घेणारी एक मुलगी आहे. कन्नडमधून फार गोड बोलते. तिनं गाईचं चित्र दाखवून विचारलं, ही म्हैस आहे ना? अण्णा म्हणाला, व्हय. कन्नड प्रश्नालाही उत्तर मराठीच. ती आम्हाला बाहेर घेऊन म्हणाली की त्यांना किती कळतंय ते यावरून सांगता येत नाही. कळत असेल आणि दुसरा शब्द सापडत नसेल, किंवा नुसता तेवढा आवाज निघत असेल. तुम्ही बोलणं सोडू नका.

तर वहिनीनं बोलणं सोडलं नाही. वहिनी म्हणजे अण्णाची बायको. ती मुळात कमी बोलणारी आणि खोटं तर तिला येतच नाही. पाहुण्यांना 'राहा की' म्हणायचं तर खरंच राहावं असं वाटलं तरच म्हणणार. ती आता दिवसभर बोलत असते, म्हैस किती दुधाला आली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं. आणि दर वाक्याच्या शेवटी तिला तेच उत्तर मिळतं. दिवाळीत मी गेले होते तेव्हा चुलीपुढं बसून ती म्हणाली, "उमाताई, लोक म्हनत्यात नवरा आता ऐकनात आला. मला भ्या वाटायलंय. एकदा न्हाई म्हनावं ह्यांनी. शिव्या घालाव्या. म्हंजे आत कुनीतरी हाय म्हनून कळंल."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तोच तो माझा नसलेला हात.

आणि अशा वर्षी मफलरवाला आला. बसवकल्याणच्या स्टँडवर पोस्टर दिसलं. मी ते वाचलं आणि बसमध्ये चढले. पुढं कुठंतरी लक्षात आलं की आपण काय वाचलं. गावी जाऊन सांगितलं तर वहिनीच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं. तपासणीला कलबुर्गीला जायचंच होतं. ती म्हणाली, ह्यांना दाखवू. त्येंच्या आवडीचं हाय, कायतरी जागं झालं तर झालं. तिनं स्वतः यातला एकही भाग बघितला नव्हता. जनावरं कुणी बघायची, आणि अण्णाच्या तोंडून ऐकलं की बघायची गरजच काय, असं ती म्हणायची.

तर दवाखाना झाल्यावर आम्ही मॉलमध्ये गेलो. दुपारचा खेळ, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. अण्णाला कडेच्या खुर्चीवर बसवलं, काठी पायाशी. वहिनीनं पदर डोक्यावर घेतला, देवळात आल्यासारखी.

सिनेमा कसा होता? वाईटही नव्हता. वाईट सिनेमाचा राग तरी येतो. ह्यात काहीच नव्हतं. तीन देश झाले, चार गाड्या समुद्रात गेल्या. मफलरवाल्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा, हसला तरी गाल हलेनात. त्याच्या शेजारी एक नवा पोरगेला हेर आणून उभा केला होता, पुढचे भाग आता त्याच्यावर काढायचे असावेत. आणि पुलाचं काय झालं? ज्या पुलाखाली आमचं आख्खं शिवार इतकी वर्षं वाट बघत उभं होतं, त्याचं काय? तर कोटातला एक साहेब एका वाक्यात सांगून गेला की पुलावरून पडला तो हा नव्हताच, ह्याचा मुखवटा घातलेला दुसराच कुणी होता. झालं. तेवढं सांगून त्यानं कॉफीचा घोट घेतला.

मी अण्णाकडं बघितलं. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडत होता, कधी निळा, कधी तांबडा. त्याखाली काही नव्हतं. माझ्याही तोंडावर तेवढंच असणार. मध्यंतरात मी त्याला विचारलं, बोगस आहे ना रे? तो म्हणाला, व्हय. मग मी विचारलं, चांगला आहे ना? तो म्हणाला, व्हय. पुन्हा मी विचारलं नाही.

वहिनी मात्र शेवटपर्यंत पुढं वाकून बघत होती. एकदा माझ्या कानाशी येऊन तिनं हळूच विचारलं, "आई कवा येती?" मी म्हटलं, बघू. सगळी नावं पडद्यावरून वर जाऊन संपेपर्यंत, झाडूवाली आत येईपर्यंत ती उठली नाही.

उसाचा खोडवा असतो. लागणीचा ऊस तोडला की त्याच बुडख्याला पुन्हा कोंब येतात, त्याचं दुसरं पीक. अण्णा म्हणायचा, खोडव्याला लागणीचा भार मागू नये. बेणं नाही, नांगरट नाही, आयतं आलेलं पीक, जे येईल ते घ्यावं. पण बुडखा तरी जिवंत लागतो. नुसत्या नावाला पाणी देऊन काय येणार? कलबुर्गीहून परत येताना गाडीत मी हेच घोळवत बसले होते. माणसाला पुढचा भाग हवा असतो म्हणजे नक्की काय हवं असतं? नवी गोष्ट नकोच असते. तोच दरवाजा, तोच प्रश्न, तेच उत्तर. आणि ते परत मिळायला मधल्या काळात कुणीच बदललेलं नसावं लागतं, पडद्यावरचाही आणि खुर्चीतलाही.

हुमनाबादला चहाला थांबलो. अण्णा पुढच्या सीटवर डोळे मिटून होता. वहिनी गाडीच्या दाराशी कप घेऊन उभी होती.

"ह्या भागात आईला कामून काढलं?" तिनं विचारलं.

मग मला सांगावं लागलं. आई आधीच्या कुठल्याच भागात नव्हती. निर्ण्याचं घर नव्हतं, एसटी नव्हती, झाकलेलं ताट नव्हतं. ते सगळं अण्णानं घातलेलं.

वहिनीनं कप खाली ठेवला. 

"पुंडीची भाजी बी न्हवती?"

"नव्हती."

"मग ती बाई म्हंजे आत्याबाई," ती म्हणाली. आमच्या आईला ती आत्याबाई म्हणायची. मी मान हलवली. तिनं गाडीत वाकून अण्णाकडं बघितलं. इतक्या वर्षांचा नवरा, तो मनानं एवढं रचत होता आणि आपल्याला ते सिनेमातलं वाटलं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. अण्णाचे डोळे मिटलेलेच होते. त्यानं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

येळवशीला अण्णाला रानात न्यायचं की नाही यावर घरात वाद झाला नाही, कारण वाद घालणाराच व्हय म्हणत होता. गाडीवाटेपर्यंत ट्रॅक्टर गेला, तिथून पुढं शेजाऱ्यांनी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून कोपीजवळ नेलं. पूजा झाली. रानाला फेरी घालून आंबील शिंपडत "ओलगे ओलगे, सालम पलगे" असं ओरडायचं असतं. ते शब्द कन्नड की मराठी हे माझ्यासारख्या मास्तरणीलाही सांगता येत नाही. दरवर्षी अण्णाचा आवाज पार ओढ्यापलीकडं जायचा. यंदा शेजारचे अप्पा स्वतःच्या रानाबरोबर आमचीही फेरी घालून आले. त्यांचा आवाज बारीक आहे.

पंगत बसली. वहिनीनं अण्णाचं ताट वाढून दुसऱ्या ताटानं झाकून बाजूला ठेवलं. त्याला शेवटी निवांत भरवावं लागतं. गुंडम्मा आणि बाकीच्या बायका तुरीच्या कडेला सावलीत बसल्या होत्या. वहिनी भज्जी वाढत फिरत होती आणि मी समोरचं अन्न चिवडत होते.

गुंडम्मा म्हणाली, "कलबुर्गीला जाऊन मफलरवाल्याला बगून आलासा म्हनं. सांगा की."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग वाढता वाढताच तिनं सांगायला घेतलं, जसं बघितलं तसं, तिच्या खऱ्या स्वभावाप्रमाणं. विमान आलं. गाडी गेली. एक नवा पोरगा हाय. पुलावरून पडला त्यो ह्यो न्हवता, मुखवटा घातलेला दुसरा व्हता. बायका जेवता जेवता हं हं करत होत्या. एकीनं आंबील मागितली. वहिनी अण्णाकडं बघून म्हणाली, व्हय न्हवं? अण्णा म्हणाला, व्हय. गोष्ट संपली.

"आन आई?" गुंडम्मानं विचारलं.

"आई न्हवती."

"न्हवती म्हंजे? मेली?"

"न्हवतीच. पिच्चरमदी आईच न्हाई, गुंडम्मा."

गुंडम्माचा हात पत्रावळीतच राहिला. वारा आला आणि तूर वाजली. ती वाजायची थांबल्यावर मागून आवाज आला.

"न्हाई."

जड, लाळेत भिजलेला आवाज. आधी कुणालाच कळलं नाही कोण बोललं. वहिनी पळी हातात धरून वळली. अण्णा तिच्याकडंच बघत होता. नुसते डोळे उघडे असणं नव्हे, बघत होता. डाव्या हातानं त्यानं खुर्चीच्या दांडीवर थाप मारली.

"न्हाई."

वहिनीनं पळी भांड्यात ठेवली. ती येऊन त्याच्या खुर्चीपुढं मातीत बसली. मला वाटलं, ही आता रडेल, गळा काढेल. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं. पुन्यांदा सांगते. पूल पडला. पान्यात पडला त्यो दुसरा व्हता, मुखवटा घालून..."

"न्हाई."

"बरं, ह्योच व्हता. ह्योच पडला." ती थांबली. आयुष्यात कधी काही मनचं सांगितलं नव्हतं तिनं. "पान्यातून कसा निगाला ते मला ठाव न्हाई. लई दिस लागले. पर निगाला. एक हात चालत न्हवता त्येचा. येष्टीनं आला. दार वाजिवलं."

कुणी जेवत नव्हतं. अण्णाच्या तोंडाची डावी बाजू हलत होती.

"आईनं दार उगडलं. म्हनली, कुठं गेल्तास रं इतके दिस?"

आणि वहिनी थांबली. पुढचं वाक्य तिचं नव्हतं. ते कायम अण्णाचं होतं. आम्ही सगळ्या त्याच्याकडं बघत राहिलो. त्याचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. घशातून काहीतरी वर आलं आणि तिथंच अडकलं. त्याच्या कपाळावर घाम आला. मला ते बघवेना, म्हणून मी तुरीकडं बघत बसले.

गुंडम्माच मग बोलली. खाली बघत, घासाशी बोलल्यासारखी.

"कलबुर्गीला गेल्तो, आई."

अण्णानं तिच्याकडं मान वळवली.

"व्हय," तो म्हणाला.

हा शब्द महिनोन्‌महिने मी ऐकत आले आहे. पण तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

वहिनी उठली, बाजूला ठेवलेलं ताट तिनं आणलं, त्याच्यापुढं धरलं आणि वरचं झाकण काढलं. बायका पुन्हा जेवायला लागल्या, कुणीतरी लोणचं मागितलं. मीही माझ्या पत्रावळीतली भज्जी तोंडात घातली. मीठ कमी पडलं होतं. मी तसं वहिनीला सांगितलं.